टनेलच्या कागदामागची सावली

मैत्रिणींनो, आज सकाळी जे घडलं ते सांगायला इथं लिहितेय.

पिंपळवंडीत थंडी वाढलीय, म्हणून मिरचीच्या रोपांसाठी घरामागं पाइप वाकवून छोटा पॉली टनेल केलाय. आज सात वाजता पाणी घालायला गेले. प्लास्टिकचा कागद आतल्या वाफेनं पांढरा झाला होता आणि त्यामागं कुणीतरी वाकून बसल्यासारखं दिसत होतं.

वाटलं, सासूबाई तण काढतायत. म्हटलं, "आत्या, एवढ्या गारठ्यात कशाला आलात?"

हलणारी सावली थांबली. मी कागद उचलायला हात घातला.

तेवढ्यात मागून, ओट्यावरून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, कुणाशी बोलतीस? मी हितं हाय."

कागदापलीकडं, हातभर अंतरावर, श्वास ऐकू येत होता.

सासूबाईंनी ती सावली पाहून ओळखलं. हळूच म्हणाल्या, "पळू नको. तोंड तिकडंच ठेव अन् मागं मागं ये."

मी तशीच आले. सावली उठली, लांबच लांब झाली आणि पलीकडच्या टोकानं उसात शिरली. बिबट्या होता.

शेजारी जमल्यावर आत पाहिलं. दोन वाफ्यांमधली माती दबलेली होती, हाताला अजून कोमट लागत होती. रोप एकही मोडलं नव्हतं.

वनखात्याला कळवलंय. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पलीकडच्या टोकाची कागदाची कड चार दिवस रोज सकाळी सुटलेली असायची. मी वाऱ्याला दोष द्यायचे आणि ती परत मातीत दाबायचे.

तुम्ही टनेलची टोकं कशी बंद करता? आणि आत जाण्याआधी बघता का?