माझं खाकी जॅकेट

अल मजाजच्या घरात कपाट आवरताना जुनं खाकी जॅकेट हाती आलं, खिशातून लसूणघासाची वाळकी पानं गळली आणि त्या उग्र, हिरव्या वासाने मला थेट हरणांच्या एका फार्मच्या कुंपणातल्या वाळूत नेऊन उभं केलं. आखातात नवा होतो तेव्हा कुसैसला माझ्या खोलीत राहणारा मित्र त्या खासगी फार्मवर मॅनेजर होता. "हरणांचे नर मोजायचेत, कॅमेरे लावून देशील? चारा किती मागवायचा ते कळेल," म्हणाला. मग दोन महिने दर रविवारी सकाळी हेच जॅकेट घालून मी घाफच्या झाडांना कॅमेरे बांधायचो, समोर लसूणघास टाकायचो आणि फोटो बघून वहीत लिहायचो, नर किती, शिंगं केवढी, कोण किती वाजता येतो. डावं शिंग मोडलेला एक नर तर मी समोर असतानाच येऊन खायला लागला. एका रविवारी मित्र म्हणाला, "आज तू झोप, मी जातो. गारठा आहे, तुझं जॅकेट नेतो." दुसऱ्या दिवशी कार्डावरचे फोटो उघडले. माझ्या जॅकेटात तो घास टाकतोय, मोडक्या शिंगाचा नर निवांत खातोय आणि मागे गाडीच्या आडोशाला बंदूक रोखलेला, फार्मच्या मालकाचा कुणी पाहुणा. विचारलं तर म्हणाला, "मोजणी शिकारीसाठीच असते रे. खलास, चहा टाक." ती खोली मी त्याच महिन्यात सोडली. जॅकेट मात्र पुन्हा अंगावर चढवलं नाही आणि टाकवतही नाही, कारण ते हरीण शेवटपर्यंत जॅकेटातल्या मित्राला मीच समजत होतं.