उत्तर बसवू न देणाऱ्या मॅडम

मॅडमना कुणी ‘काळजी करू नका’ म्हटलं, की त्या सरळ चेहऱ्याने विचारायच्या, “मग कोणी करायची?” त्यात विनोद अजिबात नसायचा. जगातली काळजी करायचं काम सगळ्यांत वाटलेलं आहे, पण बाकीचे कामचुकार निघाल्यामुळे आपल्यावर जास्त पडलं आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. गिरगावातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेलं, की चपला काढायच्या आत प्रश्न सुरू व्हायचे. खाऊन आलीस का, घरी सांगून आलीस का, हॉल तिकिटावर नाव बरोबर छापलंय का? हॉल तिकीट मिळायला तेव्हा दोन महिने अवकाश होता.

मी काळाचौकीहून त्यांच्याकडे यायचे ते ऑपरेशन्स रिसर्च शिकायला. नावावरून हा विषय डॉक्टरांचा वाटतो, आणि माझ्या आईला बरेच दिवस तसंच वाटत होतं. खरं म्हणजे माणसं, यंत्रं आणि वेळ मोजके असताना त्यातून जास्तीत जास्त चांगलं काय करता येईल, हे गणिताने काढायचं, एवढाच हा विषय. इंजिनीअरिंगचे बाकी सगळे विषय सुटले होते. या एकात दोनदा नापास झाले होते. कॉलेजातच एका कंपनीचं ऑफर लेटर मिळालं होतं आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की जुलैपर्यंत सगळे विषय सुटलेले नसतील तर हे पत्र रद्द. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं होतं की घड्यांवर फाटायला आलं होतं.

मॅडम निवृत्त होईपर्यंत एका पंपांच्या कारखान्यात प्लॅनिंग खात्यात होत्या. त्यामुळे पुस्तकातली उदाहरणं त्यांना मिळमिळीत वाटायची. चार माणसांना चार कामं कशी वाटायची, हे त्यांनी मला स्वतःच्या घरच्या गणपतीवरून शिकवलं. नवरा म्हणजे आमचे काका, दीर, जाऊ आणि त्या स्वतः एका बाजूला. मोदक, आरास, बाजार आणि पाहुणे दुसऱ्या बाजूला. कोणाला कोणत्या कामाला किती वेळ लागतो, त्याचे आकडे त्यांनी भराभर मांडले. गणित सुटलं तेव्हा काकांच्या वाट्याला बाजार आला.

“दर वर्षी मलाच बाजार कसा येतो?” काका आतून ओरडले.

“तुम्हाला आरास दिली तर विसर्जनापर्यंत चालते म्हणून,” मॅडम म्हणाल्या आणि मला पुढचं टेबल आखायला सांगितलं.

टेबल पट्टीनेच आखायचं, आकडे रकान्यातच लिहायचे, यात सवलत नव्हती. पण त्यांचा खरा जाच उत्तर आल्यावर सुरू व्हायचा. मी सुटकेचा निःश्वास टाकून वही पुढे सरकवली, की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, “हे काढलंस की बसवलंस?” आमच्यासारख्या केटीवाल्यांची, म्हणजे विषय राहिलेल्यांची, ही जुनी कला. सहा-सात टेबलं मांडून झाल्यावर एखादा आकडा वेडावाकडा निघाला, की कुठेतरी तिनाचे दोन करायचे आणि पुस्तकामागच्या उत्तरापाशी जाऊन पोचायचं. मला वाटायचं कुणाला कळत नाही. मॅडम नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवायच्या.

एकदा मी चिडले. “मॅडम, शेवटी उत्तराशी मतलब ना?”

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मी एकदा बसवलं होतं गं.” कारखान्यात एका महिन्याची मागणी काही केल्या पुरी होत नव्हती. साहेब डोक्यावर उभे होते. मॅडमनी एका मशीनच्या दुरुस्तीसाठी राखलेले तास कागदावरून काढून टाकले आणि प्लॅन बसला. तिसऱ्या आठवड्यात ते मशीन बंद पडलं. ठपका फोरमनवर आला आणि त्यांची बदली झाली. “मी खरं बोलले नाही. धीरच झाला नाही. उत्तर निघत नसेल तर निघत नाही असं लिहायचं असतं. तेही उत्तरच आहे.” काकांनी आतून रेडिओ बंद केला होता, ते मला तेव्हा जाणवलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी माझ्या घशाखाली घास उतरेना. “आदी जेव गो,” आई म्हणाली, “पेपर काय पळान जातलो?” पेपर पळाला नाही, पण पहिलाच प्रश्न, सक्तीचा, वीस गुणांचा, अंगावर आला. अशा गणितात सुरुवातीला तात्पुरत्या आधारासाठी एक खोटी संख्या घेतात. शेवटी ती टेबलातून बाहेर पडायला हवी. माझी पडेना. पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. शेवटी प्रश्नच नीट वाचला, तर कमीत कमी जेवढा माल द्यायचा होता, तेवढ्यालाही मशीनचे दिलेले तास पुरत नव्हते. एकतर पेपर चुकीचा छापलेला होता, नाहीतर मुद्दाम तसा काढलेला. एक आकडा बदलला असता तर सगळं सुरळीत सुटत होतं, आणि कुठला बदलायचा तेही मला दिसत होतं. मी लिहिलं, ‘या अटींत उत्तर निघत नाही,’ आणि खाली कारण दिलं.

बाहेर आल्यावर सगळे खुशीत होते. “पहिला सोपा होता ना? माझं चारशे ऐंशी आलं,” एक मैत्रीण म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, “हां रे, तेवढंच काहीतरी.” घरी न जाता मी थेट गिरगावात गेले आणि मॅडमना ते चारशे ऐंशी सांगितलं.

मॅडमनी पेपर घेतला, पट्टी घेतली आणि उभ्याउभ्याच सोडवायला लागल्या. अर्ध्या तासाने त्या खुर्चीत बसल्या. “तुझं बरोबर आहे. निघत नाही.” मला रडूच यायला लागलं, आनंदाने. पण त्यांचा चेहरा उतरला होता. “पण तपासणाऱ्याच्या हातात चारशे ऐंशी लिहिलेला कागद असेल तर? तो कुठे सोडवून बघणार आहे? तुझे वीस गेले. तुझी नोकरी...” त्यांनी माझा हात घट्ट धरला. “एवढं एकदा बसवायचं होतंस गं!”

मी पेपरची घडी करून पिशवीत ठेवली. काका दारात येऊन उभे होते.

निकालापर्यंतचे पाच आठवडे कसे काढले ते मलाच माहीत. मॅडमचा रोज फोन यायचा आणि त्या निकालाचं सोडून सगळं बोलायच्या. निकाल लागला. मी काठावर पास होते. मोबाईलवरची गुणपत्रिका त्यांनी जवळ नेऊन, लांब धरून, परत जवळ नेऊन पाहिली. पहिल्या प्रश्नाला किती मिळाले, ते त्यात कळत नव्हतं. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची माझी हिंमत नव्हती आणि मॅडमही कधी नव्हे ते म्हणाल्या, “मागवू नकोस. सुटलीस ना, पुरे.” मग खाली बघत म्हणाल्या, “त्या दिवशी मी जे बोलले ते विसर. माझी चूक झाली.”

“विसरलेसुद्धा,” मी म्हटलं.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. मी ऑफिसात होते, काकांचा फोन आला. त्यांनी शिकवलेली टेबलं आता कंप्युटर करतो आणि मला हाताने मांडायची म्हटली तर जमतीलच असं नाही. पण त्या दिवशी त्या चुकल्या होत्या, असं मला कधी वाटलं नाही. एका फोरमनचं ओझं जन्मभर वागवणारी बाई माझी नोकरी जाईल या भीतीने तेच पाप मी करायला हवं होतं म्हणाली. मी खोटं बोलले, मॅडम. मी ते विसरलेले नाही.