भावाच्या घरची सून

संजीवनीच्या नाकावर राग असायचा आणि तोंडात शास्त्र, म्हणजे बायबल. बेडोकच्या फ्लॅटमध्ये दोन्ही एकदम सुटले, की नवरा दिलीप गुपचूप पेपर उचलून खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या स्टॉलवर कॉफी प्यायला जायचा. बाई नगरच्या ख्रिस्ती घरातली, पाया लेबारला एका कंपनीत अकाउंटंट. सिंगापूरला येऊन जमाना झाला, पण सोयरिकीच्या बाबतीत ती नगरहून हललीच नव्हती. दिलीप तिचा आतेभाऊ. सासू म्हणजे सख्खी आत्या. दोघींची भांडणं काय कमी झाली? पण आपलेच दात, आपलेच ओठ; बाहेर ब्र काढायची सोय नाही. याचाच तिला मोठा अभिमान.

तेव्हा मुलगा अंकुर याच्यासाठी तिनं आपल्या भावाची, शैलेंद्रची, मुलगी प्रणिता आधीच धरून ठेवली होती. फोनवर शब्दही देऊन बसली. अंकुरला विचारायचं तेवढं राहिलं. तो आंग मो किओला इंजिनियर. त्यानं २००३च्या ईस्टरला जोआन लिमला घरी जेवायला आणलं आणि लग्न करणार म्हणून सांगितलं. पोरगी चिनी, पण चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. म्हणजे धर्माचं कारणही संजीवनीच्या हातून गेलं. मग तर ती जास्तच भडकली.

"मामाची मुलगी सोडून ही हेथीण आणलीस होय?"

हेथी म्हणजे शास्त्रातले परके लोक. मराठीत बोलली म्हणून काय झालं? सूर काय कुणाला कळत नाही? जोआनचा चमचा ताटातच राहिला.

"मम्मी, प्रणिता इज माय कझिन लाह!" अंकुर सिंगापुरी ढंगात म्हणाला. "सगळे हसतील मला."

"कोण हसतंय बघते! शास्त्र उघड. इसहाकानं चुलत्याची नात केली. याकोबानं मामाच्या एक सोडून दोन पोरी केल्या! आणि रिबका? याकोबाची आईच होती ना? हेथी सून आली तर मी जगून काय करू, म्हणाली. लेकाला धाडलं थेट भावाच्या घरी!"

नाहोरानं सख्ख्या भावाची मुलगी केली होती आणि मोशेच्या बापानं चक्क आत्या. ती पानं मात्र बाई घाईनं उलटायची.

"हिच्याशी लग्न करायचं तर माझ्या मढ्यावरून जा," तिनं शेवटचं सांगितलं.

अंकुरनं जोआनची पर्स उचलून तिच्या हातात दिली आणि दोघं निघून गेले. आठवड्याभरात त्यानं कपडेही नेले.

"जाईल कुठं?" संजीवनी दिलीपला म्हणाली. "थोडे दिवस. डोकं थंड झालं, की येईल शेपूट घालून."

आला नाही. लग्न झालं, ती गेली नाही, दिलीपलाही जाऊ दिलं नाही. घरात अंकुरचं नाव काढायची चोरी झाली. तिकडे शैलेंद्रनं प्रणिताचं पुण्यात दुसरीकडे उरकलं आणि बहिणीला साधा फोनही केला नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय होय!

२००६ साली बायकांच्या प्रार्थनासभेत गोष्ट सांगायची पाळी तिच्यावर आली. तिनं रिबकाच निवडली. चांगली रंगवून, हातवारे करून सांगितली. पुण्याहून नवीन आलेली राधिका अगदी साधेपणानं म्हणाली, "काकू, मग याकोब आईला परत कधी भेटला?"

"भेटला असेलच की," म्हणत संजीवनीनं पानं उलटली. वीस वर्षांनी याकोब परत आलेला. भावाच्या गळ्यात पडून रडला. म्हाताऱ्या बापाला भेटला, त्याला मातीही दिली. रिबकेच्या दाईच्या मरणाचीसुद्धा नोंद आहे. पण रिबका लेकाला पुन्हा भेटली, असं कुठंच नाही. थोडे दिवस म्हणून धाडलेला मुलगा!

"वेळ झाली," ती फाडकन म्हणाली आणि पुस्तक मिटलं.

घरी येताना ती हॉकर सेंटरमधून आली. कोपऱ्यातल्या टेबलाशी दिलीप बसलेला. समोर अंकुर आणि जोआन. दिलीपच्या मांडीवर एक गोबरं पोर त्याचा चष्मा ओढत होतं. संजीवनी उसाच्या रसाच्या स्टॉलआड थांबली. नातू आहे की नात, एवढंही तिला माहीत नव्हतं. ती तशीच वर आली.

तासाभरानं दिलीप घरात शिरला. नाव काय बाळाचं, एवढंच तिला विचारायचं होतं. लिफ्टमध्ये तिनं ते मनात घोकलंही होतं. पण त्याचा चेहरा दिसला आणि जीभ सुटली.

"ही होय तुमची कॉफी! बायकोला अंधारात ठेवून? सांगा त्या हेथीणीला, माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही!"

दिलीपनं चपला काढल्या. जागेवर नीट ठेवल्या.

"तीच विचारत होती आज," तो म्हणाला. "येत्या रविवारी बाळाला घेऊन मम्मींकडे येऊ का म्हणून. कळवतो सांगितलं होतं मी."

येऊ नका म्हणून कळवायला त्यानं फोन उचलला. संजीवनीनं त्याला थांबवलं नाही.