टॉवेल घेऊन आलेली बाई

“रूम साफ करणारी असेल,” मी म्हणाले.

गरम पाण्याच्या कुंडात मी कमरेपर्यंत बसले होते. समोर धरणाचं पाणी, त्याच्या पलीकडे डोंगर. आणि कुंडाच्या पायऱ्यांवर माझी सख्खी धाकटी बहीण यमुना उभी होती, हातात टॉवेल आणि बिस्किटांचा पुडा घेऊन. शेजारच्या बाईला मी सांगितलं, ही रूम साफ करणारी असेल. माझा आवाज अडखळलासुद्धा नाही.

हे मी मुलाला सांगितलेलं नाही, नातीला नाही. देवापुढेही मोठ्याने बोललेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात नाही — ती असती तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं, नाही का?

यमुनाला कोड होतं. लग्न झालं आणि ओठाजवळ एक पांढरा ठिपका आला. मग बोटांवर, मग गळ्यावर. नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. आईबाप गेल्यावर मी तिला माझ्या घरी आणलं, मखमलाबादच्या मळ्यात. लोक म्हणायचे, बहिणीला जन्मभर सांभाळलं हो. मी ऐकून घ्यायचे. आता विचारते स्वतःला — कोण कुणाला सांभाळत होतं? मी पहाटे फुलं घेऊन बाजारात बसायचे. माझा दिलीप तिच्या मांडीवर वाढला. त्याला ताप आला की तो मला नाही, मावशीला हाक मारायचा.

आमचा धंदा झेंडूचा आणि हारांचा. कोड असलेल्या हाताचा हार देवाला कुणी घेत नाही. असं कुणी पाटीवर लिहून लावत नाही, पण घेत नाहीत. म्हणून यमुना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून हार ओवायची आणि मी ते माझे म्हणून विकायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, तुमच्या हाताला वळण आहे. मी हसायचे. कोड हाताने लागत नाही, हे मला डॉक्टरने सांगितलेलं होतं. चौथी शिकले आहे मी, पण एवढं कळत होतं. म्हणजे अडाणीपणाचं कारणही माझ्याकडे नाही.

तर, नातीला सटाण्याचं स्थळ आलं. कांद्याचे व्यापारी, एकुलता मुलगा, नातीलाही आवडलेला. ते इंदिरानगरला दिलीपच्या फ्लॅटवर बघायला आले तेव्हा यमुना मळ्यातच राहिली. कुणी तिला राहा म्हटलं नाही. तिचं तिने ओळखलं. आमच्यात पत्रिका मागाहून बघतात, आधी घराण्यात कोड आहे का ते आडून आडून विचारून घेतात. त्यांनी विचारलं, तेव्हा मी पटकन म्हणाले, छे हो. ते गेल्यावर दिलीप म्हणाला, आई, सांगून टाकू. मी म्हणाले, साखरपुडा होऊ दे, मग बघू.

त्याच सुमारास दिलीपने आम्हा दोघींना दोन दिवसांसाठी धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर सोडलं. माझे गुडघे गेलेले. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं असं सांगतात. खरा झरा आहे की मागे बंब लावलाय, मला ठाऊक नाही, पण गंधकाचा वास येत होता. यमुनाला बाजारातल्या कुणीतरी सांगितलं होतं की अशा पाण्याने कोड जातं. मी हसले तिला. या वयात काय गोरी व्हायचंय का, म्हणाले. ती म्हणाली, जायचं नाही गं ते, मला ठाऊक आहे, पण एकदा उघड्यावर पाण्यात बसायचंय. कारण नाशिकात जन्म काढून ती गंगेवर, आमच्या गोदावरीवर, कधी चार बायकांत उतरली नव्हती. घरून तांब्या नेऊन कडेला पाय भिजवून यायची.

पहिल्या दिवशी कुंडावर गर्दी होती. ती म्हणाली, उद्या बसू, माणसं कमी झाली की. खोलीच्या गॅलरीत बसून डोंगर बघत राहिली. कपाटात टांगलेले पांढरे झगे बघून हसली, म्हणाली, आक्का, हे घातलं तर मी कुठे संपते आणि झगा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही कुणाला.

संध्याकाळी सटाण्याहून नवऱ्या मुलाच्या आईचा फोन आला. काहीतरी साड्यांचं बोलायचं होतं. मी मिरवायला गेले — रिसॉर्टला आले आहे म्हणाले, मुलाने पाठवलंय. झालं. ती म्हणाली, आम्ही उद्या त्र्यंबकला निघालोच आहोत, वाट वाकडी करून येतो, माझीही कंबर धरलीय.

यमुनाला मी सांगितलं, ते जाईपर्यंत खोलीतच थांब. तिने का म्हणून विचारलं नाही. म्हणाली, “लपते की. तू तेवढी घसरू नकोस, तुला उचलायला जेसीबी लागेल.”

मुलाची आई आणि तिची नणंद, दोघी आल्या. पाण्यात बसलो, बोललो. मला साखरेचा आजार. सकाळची गोळी घेतली होती आणि पाहुण्यांच्या गडबडीत खाल्लं काहीच नव्हतं. मला ते आठवलंही नाही. यमुनाला खोलीत बसून आठवलं. म्हणून ती आली. हातभर बाह्यांचा ब्लाऊज नव्हता अंगात, डोक्यावर पदर नव्हता — घाईने आली होती, मला चक्कर येईल म्हणून.

नणंद हळूच भावजयीला म्हणाली, “ही कोन शे?” आणि मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं.

मग मी ते बोलले.

यमुनाने ऐकलं. चार पायऱ्यांवर होती ती, ऐकू कसं येणार नाही? माझ्याकडे बघितलं तिने — रागाने नाही. एखादं काम सांगितल्यावर बघावं तसं. टॉवेल कट्ट्यावर ठेवला, त्यावर बिस्किटं ठेवली आणि म्हणाली, “बाई, ठेवलंय इथं. आणखी काही लागलं तर सांगा.”

जन्मभर मला आक्का म्हणणारी माझी बहीण. माझी अब्रू राखायला तिला विचार करायलाही वेळ लागला नाही. 

ती वळून गेली. मुलाची आई म्हणाली, “आजी, तो टॉवेल नका घेऊ, दुसरा मागवा. कशी माणसं ठेवतात इथे.” मी मान हलवली. दुसरा मागवला. बिस्किटं खाल्ली मात्र — हात थरथरायला लागले होते, तेव्हा पुडा फोडला आणि सगळी खाल्ली. तेवढी लाज मला नव्हती.

पाहुण्या गेल्यावर खोलीत आले. ती पलंगावर पडून टीव्ही बघत होती. मी म्हणाले, चल, आता कुंड रिकामं आहे. ती म्हणाली, नको, मला सर्दी होईलसं वाटतंय. मी आग्रह केला नाही. माफी मागितली का, असं विचाराल. नाही. मला वाटलं, तिला कळलंय मी का बोलले, मग आणखी काय बोलायचं? दुसऱ्या दिवशी दिलीप न्यायला आला, त्याने विचारलं, मावशी, पाणी कसं होतं? छान होतं, म्हणाली. पाण्याला पायसुद्धा न लावता.

लग्न झालं. नात सुखी आहे. दिलीप आणि नात, दोघं मावशीला न्यायला मळ्यात गेले होते. तिने पाय दुखतात म्हणून सांगितलं. मी गाडीत बसले होते, उतरले नाही. नवरानवरीचे हार तिनेच केले होते. मांडवात सटाण्याच्या बायकांनी हारांचं कौतुक केलं आणि मी म्हणाले, घरचेच आहेत. कुणाच्या हातचे, ते नाही म्हणाले.

खरं सांगितलं असतं तर स्थळ मोडलं असतं का? ठाऊक नाही. कधी वाटतं मोडलं असतं, कधी वाटतं त्या बाईने दोन दिवस तोंड वाकडं केलं असतं आणि मग विसरली असती. पण हे मी नंतर विचारात घेतलं. तेव्हा तोंडातून शब्द आला तो नातीसाठी आला की चारचौघींत मला कमीपणा नको म्हणून — खरं विचाराल तर दुसरंच. नात मला मागाहून आठवली.

पुढच्या थंडीत यमुना झोपेत गेली. दहाव्याला गंगेवर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, समाधानी होती हो, कशात जीव अडकला नव्हता. भटजींनीही तेच म्हटलं. दिलीप रडला. मी तिथेच उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

रिसॉर्टच्या त्या खोलीत आम्ही दोघीच राहिलो होतो, काय घडलं ते दोघींनाच ठाऊक होतं. त्यातली मी जिवंत आहे.