दिवस कलला की मिटणारे डोळे

माझ्या धाकट्या बहिणीला चाकणकडं दिली होती. वर्षभरातच सासूनं तिला आमच्या तळवड्यात आणून सोडली. म्हणे, सकाळी घोड्यासारखी चालते आणि दिवस कलला की डोळे मिटते, घास चावत नाही, नाकातून बोलते. नाटकी आहे.

मी चौथी नापास. पण नाटकी कोण न् आजारी कोण, एवढं मला कळतं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात खेपा घातल्या. दर खेपेला डॉक्टर म्हणायचे, काही झालेलं नाही, सासरी धाडा. आणि तिथं ती टवटवीतच दिसायची. चुकत होतं ते आमचंच. दवाखान्याला जायचं म्हटलं की आई आदल्या दिवशी तिला कामाला हात लावू द्यायची नाही. निजवायची, पहाटे न्हाऊ घालून बैलगाडीत बसवायची. विसाव्यानं रोग लपायचा.

एका खेपेला बैल लंगडला. चिंचवड स्टेशनापर्यंत ती चालत आली, वर आगगाडी चुकली. पोचलो तर दवाखाना बंद व्हायची वेळ. शिपाई म्हणाला, उद्या या. मी दारातच बसलो, हललो नाही. घरी निघालेल्या एका तरुण डॉक्टरानं पाहिलं, माझी बहीण बोटानं स्वतःची पापणी उचलून धरून बघतेय. तो थांबला. तिला आढ्याकडं एकटक बघायला लावलं. पापण्या हळूहळू खाली आल्या. मग दंडात सुई दिली. थोड्या वेळानं तिनं डोळे टक्क उघडले.

"दादा, तुझं तोंड किती सुकलंय रे."

आवाज नाकातला नव्हता. डॉक्टर म्हणाला, क्वचित कुणाला होणारा रोग आहे. स्नायू वापरले की थकतात. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील.

मी तिला मुद्दाम संध्याकाळी सासरी नेली. सासूसमोर तिनं भाकरी चावून खाल्ली. सासू म्हणाली, "गोळीवर चालणारी सून आमाला नको. उद्या गोळी न्हाई मिळाली तर?" नवरा म्हैस बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तिचा रोग सापडला," मी म्हणालो. "तुमच्यावर औषध न्हाई." आणि बहिणीला घेऊन परतलो.

पुढं पिंपरीत औषधाचा कारखाना निघाला. माझा हा दाजी तिथंच कामाला लागला, त्यानं दुसरं लग्नही केलं. एकदा रस्त्यात सायकल थांबवून म्हणाला, "ती बरी हाय का?"

मी म्हणालो, "दिवस कलल्यावर येऊन बघा."

आला नाही.