मिस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या

आमच्या लाखांदूरच्या पोहा मिलमध्ये येणारा माणूस आधी पोहे पाहायचा. यंत्रं सांभाळणारा मिस्त्री मात्र आधी वर पाहायचा, छताकडे, पट्ट्याकडे, बल्बाकडे. "यात काय पडू शकते?" असं पुटपुटायचा. मी हसले की म्हणायचा, "पडल्यावर त कोनीबी पाह्यते, बाई."

आणीबाणी उठली त्या साली त्याची नजर पोहे निवडणाऱ्या आम्हा बायांच्या हातांवर आली. मालकांना म्हणाला, "बांगडी फुटली त काच लेकराच्या पोटात जाईन." मालकांनी लगेच बांगड्या काढायला सांगितल्या. मी सूप आपटलं. "नवरे जित्ते आहेत आमचे! काहून काढाच्या?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं बांगड्यांवरून चढवायला कापडी बाह्या आणल्या, दोन्ही टोकांना नाडी ओवलेल्या. कापड त्याच्याच शर्टांचं होतं. तो हिवाळा त्यानं उघड्या दंडांनी काढला.

एका संध्याकाळी मी बाही सोडली, तर आतून हिरव्या काचा गळल्या. त्यानं आधी माझं मनगट पाहिलं, मग काचा वेचल्या. आता तरी हा मिरवेल, असं मला वाटलं.

तो वर पाहत म्हणाला, "आता त्या बल्बाले काय बांधाचं?"