व्याह्यांसाठी घेतलेली चड्डी

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळत आलो. कोणी विषय काढला की मी पावसापाण्याचं बोलायचो, नाहीतर गिऱ्हाईक आलं म्हणून उठून जायचो. गिऱ्हाईक नसलं तरी उठायचो. आता दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं आहे आणि उठून जायला जागा राहिलेली नाही. म्हणून लिहितो.

शहाद्याला माझं ताडपत्रीचं दुकान होतं. ताडपत्री, रेक्झिन, रेनकोट, मिरचीवर झाकायचा प्लास्टिकचा कागद, शेततळ्याचं अस्तर, असा सगळा माल. पाणी अडवणाऱ्या कापडावर माझा जन्म गेला. हाताला लागल्याबरोबर मी सांगू शकायचो की हे किती पावसाळे काढेल आणि कुठून आधी फाटेल.

मुलगी मी पुरुषोत्तमनगरच्या अलीकडच्या एका गावात दिली. तिचे सासरे ऊस-केळीचे मोठे शेतकरी. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचो. ते मला शेठ म्हणत. त्या एका शब्दात माणसाला जेवढं हिणवता येतं, तेवढं ते हिणवत.

सुरुवात लग्नातच झाली. वैशाखातलं लग्न, अवकाळी पाऊस आला. मांडव माझाच होता, कोऱ्या ताडपत्र्यांचा. पंगत बसलेली असताना नेमकी आबांच्या ताटात वरून धार लागली. ते ताट हातात घेऊन उठले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ताडपत्रीवालाना मांडव गयी ऱ्हायना, भो." म्हणजे ताडपत्रीवाल्याचाच मांडव गळतो आहे. पंगत हसली. मीही हसलो. मुलीचा बाप त्या वेळी दुसरं काय करणार?

आता लिहायलाच बसलो आहे तर हेही लिहून टाकतो. माझी ताडपत्री गळाली नव्हती. नवरदेवाच्या गाडीवर बांधलेली लोखंडी कमान मांडवात घुसवताना ताडपत्रीत अडकली आणि हातभर फाटली. गाडी कोण हाकत होता ते मी पाहिलं होतं. आबांचा धाकटा भाऊ. मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण मुलीची पाठवणी अजून व्हायची होती.

गप्प बसलो ते चुकलंच. त्यानंतर कुठलंही कार्य असो, बारसं असो, जावळ असो, आबा पाहुण्यांत बसून ती गोष्ट सांगत. दर वेळी धार जरा मोठी होई. त्यांच्या घरी नळ ठिबकला, माठ पाझरला, गोठ्याचं छप्पर गळलं, तरी माझ्या मुलीला हाक पडायची, "सूनबाई, तुन्हा बापले फोन कर वं." पहिल्यांदा मुलगी मला हे हसत सांगायची. पुढे तिने सांगणं बंद केलं. तेव्हा मी समजलो, की ते आता हसण्यासारखं राहिलेलं नाही.

माझ्या बायकोच्या दहाव्याला नदीवर उन्हासाठी कापड बांधलं होतं. आबांनी त्याकडे वर पाहिलं, शेजारच्या माणसाकडे पाहिलं, आणि मिशीत हसले.  आबांना मी त्याच दिवशी मनातून उतरवलं आणि वाट पाहू लागलो. कशाची, ते मलाही सांगता आलं नसतं.

मग आबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा लघवीवरचा ताबा गेला. दुकानात मिळणारे डायपर आणले, पण आमच्याकडच्या उन्हात त्यांच्या जांघा सोलून निघाल्या. मुलीने त्यांचीच जुनी, धुऊन मऊ झालेली धोतरं फाडली, घड्यांवर घड्या घालून जाड लंगोट शिवले. त्यामुळे अंगाला आराम पडला. पण ओल वरच्या धोतरात यायची. आबांनी घराबाहेर पडणं सोडलं. एरवी सकाळ-संध्याकाळ ते दूध डेअरीच्या ओट्यावर बसत. गावातली भांडणं, सोयरिकी, बांधाचे वाद, सगळं त्या ओट्यावर त्यांच्यापुढे यायचं. तो ओटा सुटला आणि माणूस घरात खाटेवर पडून सगळ्यांवर ओरडू लागला.

मुलीचा फोन आला. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"आप्पा, मामासले बाहेर बसाले जानं शे. लंगोट मी शिवी दिधात, पन वरथून घालाले पानी अडावनारी चड्डी पायजे. तुम्हले त्यामा समजस."

"त्यांनी सांगितलं का, मला विचार म्हणून?"

"मामा कधी सांगतीन का? पन नही बी म्हनेल नही."

 मला बरं वाटत होतं.

"आनि आप्पा," ती म्हणाली, "वाजनारी नको. पुढला महिनामा पोरीना साखरपुडा शे. मामासले चार मानसंमा बसनं शे. कोनले समजाले नको."

पोरीचा म्हणजे तिच्या मुलीचा, माझ्या नातीचा. आबांचीही ती नातच. मुलगी मला इतकं स्पष्ट बोलली होती. मी ऐकलं नाही, मला कळलं नाही, असं म्हणायची सोय तिने ठेवली नव्हती.

दुकानाच्या मालासाठी सुरतेला जायचंच होतं. तिथे दवाखान्याच्या सामानाचं एक दुकान गाठलं. दुकानदाराने काउंटरवर चड्ड्या टाकल्या. एक रबराची होती, तिला हात लावूनच बाजूला सारली. आमच्याकडच्या चैत्रात तिच्यात माणूस शिजला असता. दुसरी जाड प्लास्टिकची, कमरेला आणि मांड्यांना इलॅस्टिक. तिची शिवण पाहिली. सुईने शिवलेली नव्हती, उष्णतेने चिकटवलेली होती. लोक कापड बघतात, पण पाणी कापडातून येत नाही, सुईच्या भोकातून येतं. म्हणजे ही गळणार नव्हती. तिसरी बाहेरून साध्या कापडासारखी, आतून पातळ लेप दिलेली. दोन्ही बाजूंना टिचबटणं, म्हणजे माणूस झोपलेला असताना वळवूनही घालता येईल. शिवणीवर आतून पट्टी मारलेली. मी तिच्यात बाटलीतलं पाणी ओतून घेतलं आणि खाली वर्तमानपत्र धरलं. कागद कोरडा राहिला.

मग डोळे मिटून एकेक कानाजवळ चोळून पाहिली. कापडी चड्डी गप्प होती. प्लास्टिकची वाजली, फरसाणाची पिशवी उघडावी तशी.

"काका, किसके वास्ते?" दुकानदाराने विचारलं.

"समधी के वास्ते."

त्याने कापडी चड्डी माझ्याकडे सरकवली. "समधी के वास्ते तो यही ले जाओ. पहनेगा तो उसको खुद को पता नहीं चलेगा."

मी दोन्ही प्रकार घेतले. तोवर माझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होतो. खोडतो. ठाऊक होतं.

परतताना गाडी नवापूरला थांबली, तेव्हा मी कापडी चड्ड्या पुड्यातून काढल्या आणि माझ्या कपड्यांच्या पिशवीत पायजम्याखाली सारल्या. वाजणाऱ्या तेवढ्या पुड्यात ठेवल्या. मग खाली उतरून फलाटावर भजी खाल्ली. कितीतरी दिवसांनी मी काही चवीने खाल्लं.

मुलीने पुडा उघडला, चड्डी हातात चुरगाळली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आप्पा, हाई ते वाजस."

"दुकानात दुसरी नव्हती. सगळ्या वाजतात. दोन-चारदा धुतली की नरम पडेल."

प्लास्टिक धुऊन नरम पडत नाही, कडक होतं. हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो.

काही दिवसांनी निरोप आला, की आबा पुन्हा डेअरीवर बसू लागले. तिथे दुधाच्या कॅनचा खडखडाट, मोटरसायकली, लोकांचा गलका. त्यात कोणाला काय ऐकू जाणार? शिवाय चड्डी गळत नव्हती. आबांनी म्हणे मुलीला सांगितलं, "शेठना माल चांगला शे." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्या मालाबद्दल निघालेला हा पहिला बरा शब्द. मला तो गोड लागला नाही. मला वाटलं, डाव फुकट गेला.

साखरपुडा त्यांच्याच अंगणात झाला. आबा कडक इस्त्रीचं धोतर नेसून गादीवर बसले होते. नवरीचा आजा म्हणून मीही शेजारी होतो. ते अगदी सरळ, न हलता बसले होते. आल्या-गेल्याला बसल्या जागेवरून हात जोडत होते. पुकारणाऱ्याने माइकवर सांगितलं, की आता मुलीचे आजोबा मुलाच्या आजोबांना टॉवेल-टोपी देतील. सगळे शांत झाले. आबा उठले. पुकारणारा त्यांच्या शेजारीच, माइक कमरेशी धरून उभा होता.

तो आवाज दोन्ही स्पीकरमधून अंगणभर गेला.

मुलाकडचा एक मामा होता, तोंडाने मोकळा. तो म्हणाला, "आबा, चिवडानी पुडी लपाडी ठेवेल शे का? आम्हले बी द्या ना थोडा."

लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं, लग्नकार्यात असं चालतंच. आबा हातात टोपी धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते का पाहत होते हे मला पक्कं कळलं. व्याह्याने काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी एवढंच त्यांना हवं होतं. दोन शब्दांत ते झालंही असतं.

मी म्हणालो, "चिवडा नही, भो. मन्हा दुकाननी ताडपत्री शे ती. पानी गयस नही."

आधीपेक्षा मोठा हशा झाला. मग तो एकेका जागी थांबत गेला. ज्यांना ऑपरेशनचं माहीत होतं ते शेजारच्याच्या कानाला लागले. आबांनी मुलाच्या आजोबांच्या डोक्यावर टोपी घातली, वाकडी बसली होती ती नीट केली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि परत येऊन बसले. बसतानाही आवाज झाला, पण त्या वेळी कोणी हसलं नाही. पंगतीला ते आले नाहीत. आत गेले ते गेले.

मी पंगतीला बसलो. पोटभर जेवलो. खोटं कशाला लिहू, त्या जेवणासारखं जेवण मला पुन्हा मिळालेलं नाही. माझा राग खरा होता, आजही आहे, आणि आबांनी मला इतकी वर्षं जे खायला घातलं तेच मी त्यांना एकदा वाढलं, असं मी त्या दिवशी मनाशी म्हणत होतो.

निघताना मुलगी मोरीवर भांडी विसळत होती.

"तुम्हले माहीत व्हतं ना, आप्पा?"

"काय?"

"ती वाजस ते."

"सांगितलं ना, दुसरी नव्हती."

तिने मान वर केली नाही. हातातलं पातेलं घासून चकचकीत झालं होतं, तरी ती ते घासत राहिली.

आबा डेअरीवर जायचे पुन्हा बंद झाले. दुपारनंतर पाणी पीत नाहीत, प्यायलं तर चड्डी घालावी लागेल म्हणतात, असं मुलीने एकदा फोनवर सांगितलं. एरवी मी दुकानातलं शहरी मराठी बोललो तरी ती माझ्याशी घरच्या बोलीतच बोलायची; आता तिने परक्याशी बोलावं तसं शहरी मराठीत बोलायला सुरुवात केली होती. तेव्हा मात्र मला भीती वाटली. दुकानाच्या खणातून कापडी चड्ड्या काढल्या, पिशवीत घातल्या आणि बस पकडली.

बसमध्ये बसल्या बसल्या मी वाक्य जुळवलं. लांबलचक नव्हतं. पिशवी पुढे करायची, ते बोलायचं, पुढे ते काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं.

आबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. फार वाळले होते. "बसा, शेठ," म्हणाले. मिरचीचा भाव विचारला. मी सांगितला. मग घरात कोणी जवळ नाही असं पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"शेठ, यान्हापेक्षा नरम भेटस नही का कोठे? लगनमा बसनं शे माले."

त्यांनी राग काढला नाही, टोमणा मारला नाही. गरजू गिऱ्हाईक दुकानदाराला विचारतं तसं विचारलं. त्यांनी शिवी दिली असती तर मी पिशवी त्यांच्या अंगावर टाकून मोकळा झालो असतो. पण आता पिशवी उघडायची म्हणजे ही आपल्याकडे तेव्हाच होती हे कबूल करायचं. पिशवी माझ्या मांडीवर होती. मी तिचे बंद घट्ट धरले.

"पाहतो सुरतेला," मी म्हणालो.

"पहा. तुम्हले समजस त्यामा."

चहा घेतला आणि ती पिशवी तशीच परत घेऊन आलो. मनात हिशेब असा, की आठवडाभर थांबावं, सुरतेला जाऊन आल्यासारखं दिसेल, मग नेऊन द्यावी. माझं खोटंही राहील आणि त्यांचं कामही होईल. तो आठवडा पुरा व्हायच्या आत त्यांना तापात दवाखान्यात नेलं. लघवीत जंतू झाले होते, ते रक्तात गेले आणि त्यातच आबा संपले. डॉक्टर म्हणाले, वयही झालं होतं.  मी पोचलो तेव्हा त्यांना अंगणात घेतलं होतं.

नातीचं लग्न पुढे साधेपणाने झालं. कापडी चड्ड्या मी एका वृद्धाश्रमाला देऊन टाकल्या. मुलगी माझ्याशी आजही परक्यासारखं शहरी मराठीत बोलते. हे लिहून झालं की पहिल्यांदा तिलाच वाचायला देणार आहे. बसमध्ये जुळवलेलं वाक्य तिला मी तोंडाने सांगू शकणार नाही, म्हणून इथे लिहितो. ते आबांना सांगायचं होतं.

"आबा, नरम चड्डी व्हती. मी तुम्हले जानीबुजी दिधी नही. माले माफ करा."